गैनू मिस्त्रीचा कान

घोड्याचा ऊन श्वास मानेवर आला तेव्हा गैनू मिस्त्रीला कळलं, की मागे टांगा आहे. सकाळचा कापडबाजार, हातात कागदात गुंडाळलेली नवी पांढरी टोपी, आणि वळून बघतो तर घोड्याचं तोंड वीतभर अंतरावर. टांगेवाला मान ताणून, गळ्याच्या शिरा फुगवून तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज जवळजवळ नव्हताच. लांब कुठेतरी कुणी गोधडी झटकावी तेवढा. मिस्त्रीची नजर त्याच्या पायाकडे गेली. पाय घंटेवर होता आणि अजूनही घंटा दाबत होता. म्हणजे हा किती वेळ घंटा वाजवत मागून येत होता कोण जाणे. सगळ्या बाजाराने ऐकली असणार, टोपीवाल्याने, भाजीवाल्यांनी, चहाच्या दुकानातल्या रिकामटेकड्यांनी. मिस्त्रीने नेहमीचं केलं. कपाळावर बोट टेकवलं, हसला आणि 'विचारात होतो बाबा' म्हणाला. चौसष्टाव्या वर्षी माणूस विचारात असला तर कुणाला नवल वाटत नाही, उलट थोडा मानच मिळतो. टांगा पुढे गेला. पण मिस्त्री एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. भीती घोड्याची नव्हती. घोडा शहाणा होता, आपणहून थांबला होता. भीती पुलाची होती. गेल्या रविवारी खाणीच्या लाईनीवरचा दगडी पूल त्याने चाळीस माणसांसमोर हातोडीने ठोकून पाहिला होता, 'पक्का आहे' म्हणून सांगितलं होतं आणि मच्छिंद्र मास्तरांनी पुढे केलेल्या कागदावर तसं लिहून खाली सही केली होती. येत्या रविवारी त्या पुलावरून तीनशे माणसं चालत जाणार होती. आणि खरं सांगायचं तर हातोडीने दगड काय बोलला ते त्याला ऐकूच आलं नव्हतं.

खाणीची लाईन म्हणजे स्टेशनाच्या मागून निघून निंबोणवाडीच्या दगडखाणीपर्यंत गेलेली तीन मैलांची जुनी लाईन. खाण वीस वर्षांपूर्वी बंद पडली, रूळ उचलून नेले, स्लीपर लोकांनी चुलीत घातले, आणि उरला तो नुसता भराव. त्यावर वेड्या बाभळी माजल्या. निंबोणवाडीच्या बायका दूध-भाजी घेऊन नगरला यायच्या त्या डांबरी रस्त्याने, पाच मैलांचा वळसा घालून, मालट्रकांच्या अंगाला अंग घासत. दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या कडूबाईची धाकटी जाऊ दुधाच्या किटलीसकट ट्रकखाली गेली. रस्त्यावर दूध आणि रक्त एकत्र वाहिलं, असं लोक अजून सांगतात. त्यानंतर शाळेतले मच्छिंद्र मास्तर जे पेटले ते विझलेच नाहीत. लाईनीवरून पायवाट करायची. गाडी नाही, बैल नाही, फक्त चालणारी माणसं आणि फार तर सायकल. अर्ज गेले, परवानगी आली, श्रमदान सुरू झालं. दुष्काळात खडी फोडून फोडून वाडीचे हात तयारच होते. तीच घमेली, तीच फावडी. फक्त या वेळी हजेरी घ्यायला मुकादम नव्हता, म्हणून काम दुप्पट झालं. सावेडीच्या बंगल्यांतली मंडळीही रविवारी स्कूटरवर येत, तासभर घमेली उचलत आणि हाताचे फोड एकमेकांना दाखवत परत जात. बाभळी निघाल्या, खड्डे बुजले, मुरूम पडला. राहिला तो मधला पूल. ओढ्यावरचा, तीन कमानींचा, वीस फूट उंच. दुष्काळ फिटला त्या पावसात ओढ्याला असा लोंढा आला होता, की पुलाच्या कठड्याचे दगड अर्ध्या मैलावर सापडले. मास्तर म्हणाले, जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय एक पोरसुद्धा यावरून जाणार नाही. आणि जाणता माणूस नगरात एकच होता, रेल्वेतून रिटायर झालेला पुलाचा मिस्त्री गहिनीनाथ. त्याला सगळे गैनू मिस्त्री म्हणत.

दगडी कमान तपासायची तर डोळ्यांचा उपयोग थोडाच. हातोडी मारायची आणि ऐकायचं. आतला चुना धरून असला तर दगड खणकन बोलतो. चुना धुऊन गेला असला, आत पोकळी पडली असली, तर तो भद्द बोलतो. बस्स, एवढीच विद्या. पण ती कानात असावी लागते. रविवारी तो शिडीवर चढला आणि कमानीच्या पहिल्या दगडावर हातोडी मारली. भद्द. दुसऱ्यावर मारली. भद्द. खांबाच्या पायथ्याशी उतरून मारली, तरी भद्द. मग सहज हात फिरल्यासारखा त्याने शेजारच्या काळ्या खडकावर ठोका घातला. जमिनीतून वर आलेला खडक, त्यात चुना नाही की पोकळी नाही. भद्द.  एक तर जगातला सगळा दगड पोकळ झाला होता, नाही तर त्याच्या कानात काही शिल्लक राहिलं नव्हतं. ओढ्याच्या काठावर चाळीस माणसं डोळे लावून उभी होती. कडूबाईने तर हात जोडले होते. त्यांच्याकडे जाताना त्याने ठरवलं होतं, सांगून टाकायचं. खरंच ठरवलं होतं. पण मास्तर पुढे आले, त्यांचे ओठ हलले, 'काय म्हणतोय पूल, काका?' आणि चाळीस चेहरे आपल्या तोंडाकडे बघताहेत म्हटल्यावर त्याच्या तोंडातून, आयुष्यभर बोलून गुळगुळीत झालेला शब्द आपोआप निसटला. पक्का आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला त्या दिसल्या.

पायरीवर बसून त्याला आठवत होतं ते त्रेचाळीस सालचं ऊन. तेव्हा त्याला तिशी उलटून तीनच वर्षं झाली होती. एका नाल्यावरच्या पुलाचे शेदीडशे दगड त्याने ठोकले, आणि त्यातला एक, एकच, भद्द बोलला. साहेब हसला. साहेब म्हणाला, शंभर दगड तुला चांगलं म्हणतात, एकाचं काय ऐकतोस? पण मिस्त्रीने डोक्याचा पटका सोडून रुळाला बांधला आणि त्याच्यापुढे उभा राहिला. गाडी थांबली. पाऊण तास थांबली. साहेबाने घड्याळ बघितलं, शिव्या घातल्या, आणि तेवढ्यात कमान खाली बसली. कुणी तिच्यावर नसताना, वारासुद्धा नसताना, थकलेला माणूस खाली बसावा तशी बसली. गाडीतली माणसं उतरून त्याच्या पायाला हात लावायला लागली. त्या दिवसापासून गैनू मिस्त्रीचा कान हे एक नाव झालं. लोक विहिरीची भिंत त्याच्याकडून ठोकून घेत, उन्हाळ्यात कलिंगडंसुद्धा घेऊन येत, आणि तोही हसत हसत टिचकी मारून सांगे, हे पिकलंय, ते राहू दे. त्या कानावर तो जगला. त्या कानावर लग्नात त्याचं पान मानाच्या पंगतीत वाढलं जायचं, कचेरीत खुर्ची मिळायची. माणसाचा मान असा एका जागी साठलेला असला म्हणजे ती जागा झाकून ठेवावी लागते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं?

साठ साली एका सुरुंगाचा बार वेळेआधी उडाला. खडकामागे तो होता आणि त्याचा खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, सत्तार होता. दोघंही वाचले, धूळ झटकत हसले. त्यानंतर आधी पाखरं गेली. एका सकाळी त्याला वाटलं, यंदा चिमण्या कमी आहेत. मग सायकलच्या घंट्या गेल्या, मग इंजिनाची शिट्टी, मग बायकांचे आवाज. पुरुष समोर उभा राहून जाड आवाजात बोलला तर ओठांकडे बघून निभून जायचं. पण छबूचा, त्याच्या बायकोचा, बारीक कापरा आवाज घरातून असा गेला, की कधी गेला तेही कळलं नाही. ती बोलायची, तो 'हूं' म्हणायचा. ती कधी हसायची, कधी डोळ्याला पदर लावायची, आणि तो प्रत्येक वेळी 'हूं' म्हणायचा. रेल्वेचा डॉक्टर दरवर्षी कानाशी घड्याळ धरून ऐकू येतं का विचारायचा. घड्याळ चालू असणार हे सांगायला कान कशाला लागतो? तो 'येतं' म्हणायचा. राहिले पूल. पुलाचं काम मात्र अडलं नाही, कारण सत्तार होता. काय झालं, कसं झालं, हे दोघं कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मिस्त्री ठोका मारायचा आणि सत्तारकडे बघायचा. सत्तारने मान खाली घातली, की दगड पोकळ; मग मिस्त्री खडू मागायचा आणि खूण करायचा. सत्तार तसाच बघत राहिला, की दगड चांगला. सात वर्षं हे असं चाललं, रिटायर होईपर्यंत. मिस्त्रीला कधी कधी वाटायचं, एवढा मोठा उपकार आणि आपण त्याला साधा चहासुद्धा धड पाजला नाही.

गुरुवारी तो पुलावर गेला. घरी बसवेना. वाडीची माणसं बैलगाडीने आणलेला मुरूम घमेल्यांनी पुलावर ओतत होती, चांगला हातभर थर, आणि वर धुम्मस मारत होती. मिस्त्री बघत राहिला. हा एवढा बोजा. हा वर, आणि त्याच्यावर तीनशे माणसं, आणि मास्तर म्हणत होते पोरं लेझीम खेळत जातील, एका तालात. आणि पुलावरून जाणारी पहिली रांग पाच सवाष्णींची, कळस घेऊन. तो खाली ओढ्यात उतरला. कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ सुकले होते. ते नवे की जुने? चुना धुऊन बाहेर आलेला, की नुसता खार? नोकरीत असे ओघळ त्याने हजार वेळा बघितले होते, आणि ते काहीही असू शकतात एवढंच त्याला माहीत होतं. आजूबाजूला कुणी नाहीसं बघून त्याने कपाळ दगडाला टेकवलं, डोळे मिटले आणि हातोडी मारली. काहीतरी थरथरलं. परत मारली. परत थरथरलं. मग हातोडी न मारताच थरथरलं, तेव्हा त्याला कळलं की ती त्याच्याच कपाळाची शीर उडते आहे. मागे वळला तर कडूबाई उभी, डोक्यावर रिकामं घमेलं. ती नमस्कार करत होती, पुलाला की त्याला ते कळलं नाही. तिला वाटलं असणार, मिस्त्री पुलाशी काही बोलतोय.

"तुमी हायेत म्हून जिवाला घोर न्हाई," ती म्हणाली. चेहरा समोर होता, ओठ ठसठशीत होते, नेमकं हेच वाक्य त्याला शब्द न् शब्द समजलं.

सांगायला किती वेळ लागतो? तीन शब्द. शुक्रवारी तो तीनदा शाळेपर्यंत गेला आणि तीनदा मागे फिरला. मास्तर म्हणतील, काका, मग सही का केली?  घरी छबूबाईने ट्रंकेतलं हिरवं लुगडं बाहेर काढून उन्हाला घातलं होतं. पाच सवाष्णींत पहिला मान तिला मिळाला होता. मिस्त्रीची बायको म्हणून. ती घरभर फिरत होती, बोलत होती, आणि हातवाऱ्यांवरून त्याला कळत होतं की ती चालायचाच सराव करते आहे, कळस असा धरायचा की तसा. एकदा तिने त्याच्यासमोर उभं राहून छातीवर हात ठेवला आणि काही म्हणाली. 'हूं,' तो म्हणाला. रात्रभर त्याला आपण पुलाखाली उभे आहोत असं वाटत राहिलं, आणि वरून हिरवा काठ दिसत होता. पहाटे एकदम सुचलं, सत्तार! सत्तार राहुरीला लेकीकडे असतो. त्याला गुपचूप आणावं, दहा ठोके ऐकवावेत, मान खाली घालतो का बघावं. पूल चांगला निघाला तर झाकलं ते झाकलंच राहील. नाही निघाला तर सत्तारच्या नावाने सांगता येईल, की म्हटलं पुन्हा खात्री करावी. या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं, की शनिवारच्या पहिल्या एस.टी.त त्याचा चक्क डोळा लागला.

दार जहिराने उघडलं, सत्तारच्या लेकीने. तिने ओळखलं, हसली, मागच्या अंगणाकडे हात केला आणि जाता जाता स्वतःच्या कानाला बोट लावून काहीतरी म्हणाली. मिस्त्री चरकला. हिला कसं कळलं? सत्तारने घरात सांगितलं असणार. सात वर्षं पोटात ठेवून शेवटी बायाबापड्यांत सांगितलंच लेकाने. पण अंगणात बाजेला सुंभ विणत बसलेला सत्तार त्याला बघून असा उठून मिठीत आला, की राग टिकला नाही. दोघं बाजेच्या सांगाड्यावर बसले. मिस्त्रीने सगळं सांगितलं, रविवार, शिडी, भद्द, सही. सत्तार मान डोलावत होता, 'बराबर, बराबर' म्हणत होता. मिस्त्री म्हणाला, "उद्या पयल्या गाडीनं चल. दहा ठोके ऐक, लगेच माघारी ये." सत्तार म्हणाला, "आता जेवूनच जायचं, मिस्त्री." मिस्त्रीला वाटलं आपल्यालाच चुकीचं समजलं. त्याने परत सांगितलं. सत्तार परत म्हणाला, "व्हय व्हय, पाऊस बरा झाला यंदा."

तेव्हा जहिरा पुढे आली. ती बापाच्या अंगावर वाकली, दोन्ही हातांची पन्हाळ करून त्याच्या कानाशी धरली आणि तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. टांगेवाल्याच्या फुगल्या होत्या तशा. 

"हा कवापासनं असा हाय?" त्याने विचारलं.

जहिराने बापाच्या कानात विचारलं, उत्तर ऐकलं, मिस्त्रीकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. ती त्याच्याही कानाशी आली, पन्हाळ धरली आणि ओरडली, "सुरुंगाच्या बारापासनं म्हनत्यात!"

तोच बार. तोच खडक. दोघं धूळ झटकत हसले होते तोच दिवस.  त्याने विचारलं, मग तू मान खाली घालायचास ती कशी? पोरगी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जात राहिली. "अब्बा म्हनत्यात, तुमच्या कपाळाला आठी पडायची. आठी पडली की ते मान खाली घालायचे. तुमी ऐकलं, असं त्यांना वाटायचं." एवढं ओरडताना तिला हसू फुटलं, दोन म्हातारे आणि मधली आपली धावपळ. मग हसणं मध्येच थांबलं, कारण मिस्त्रीच्या तोंडावरचा रंग तिने बघितला. आठी! वर बघून उन्हाने पडली असेल, शिडीवर पाय घसरला म्हणून पडली असेल, छबूची आठवण येऊन पडली असेल. त्या आठीवर सत्तारने मान खाली घातली, त्या मानेवर त्याने खडू मागितला. सात वर्षं.

"बोलला का न्हाईस रं?"

सत्तारला हे मात्र न ओरडता समजलं. त्याने हातातलं सुंभ सोडलं नाही. "तुमचा कान हुता की, मिस्त्री," तो म्हणाला, "माजा कशाला पायजे हुता?"

परतीची एस.टी. बराच वेळ रेल्वेच्या बाजूबाजूने चालत होती. खिडकीतून पूल दिसत होते. त्याचे पूल. एकेकाला तो नावाने ओळखत होता, बोरीचा, दोन जांभळींचा, साधूबाबाचा. एकावरून मालगाडी चालली होती आणि डब्यांच्या फटीतून पलीकडचं आकाश चमकत होतं. मिस्त्री डबे संपेपर्यंत श्वास धरून बसला. स्वतःची समजूत घालत होता, की आपण रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली, नवा मिस्त्री आहे, तो ठोकत असेल. पण नवा मिस्त्री कसा ठोकतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? नवा माणूस जुन्याची खडूची खूण बघतो. खूण नसली तर हातोडी नुसती टेकवतो आणि मागच्या वर्षीचं लिहिलेलं उतरवून काढतो. गैनू मिस्त्रीने खूण केली नाही म्हणजे दगड चांगलाच. हे तो स्वतः नव्या पोरांना शिकवत आला होता, मिशीला पीळ देऊन. म्हणजे उद्याची तीनशे माणसं ही तर नुसती सुरुवात होती. गाड्या भरभरून माणसं रोज, दिवसातून कितीदा तरी, शेंगा खात, पोरांना मांडीवर घेऊन, त्याच्या आठ्यांवरून चालली होती. एस.टी. एका मोरीवर आली तेव्हा त्याने नकळत दोन्ही पाय जमिनीवरून उचलून धरले. शेजारच्या माणसाने बघितलं. मिस्त्री कपाळावर बोट टेकवून हसायला गेला, पण हसू आलं नाही. पेन्शन जाईल, मनात आलं. मग आलं, गेली तर गेली. मग लगेच आलं, छबू काय खाईल? घर येईपर्यंत हेच फिरत होतं.

रविवारी सकाळी सांगू म्हणून तो लवकर उठला, तर छबूबाई त्याच्याआधी उठून हिरवं लुगडं नेसून बसलेली. कपाळाला कुंकू, हातात नव्या बांगड्या, आणि तोंडावर नव्या नवरीसारखा संकोच. ती सावकाश, त्याला कळावं म्हणून ओठ मोठे करून म्हणाली, "चाळीस वर्सं झाली. आज तुमचा एक पूल बघते." त्याने नवी टोपी घातली. तिला काही न सांगताच तो तिच्याबरोबर निघाला.

लाईनीच्या तोंडाशी गर्दी होती. पताका होत्या, हलगी होती, पोरांच्या हातात लेझीम होती. त्याला हार घातला गेला. रांग निघाली, पुढे पाच सवाष्णी, त्यांच्यात छबू आणि शेजारी कडूबाई, मागे पोरं, मागे सगळी वाडी. तो छबूच्या बाजूने चालत होता. लेझीम त्याला ऐकू येत नव्हती, पण ती जमिनीतून येत होती. मुरुमातून, चपलेतून, नडगीतून वर गुडघ्यापर्यंत, शेकडो पाय एकदम पडत होते आणि एकदम उचलले जात होते. दोन्ही बाजूंना तोडलेल्या बाभळींचे बुंधे. वाट खरंच सुंदर झाली होती. सरळ, रुंद, ट्रक नाही, धूर नाही, आणि बायका मोकळ्या हाताने चालत होत्या.  एवढ्या सगळ्या माणसांचं एवढं चांगलं काम, आणि त्यात खोटं असं एकच, आपलं. पूल आला. छबू पाऊल टाकणार तेवढ्यात तो पुढे होऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"छबू, थांब. मला ऐकू येत न्हाई."

ती हसली. कळस सावरत, लोक बघताहेत म्हणून पदराआड हसली. मग पदर बाजूला करून, ओठ मोठे करून म्हणाली, "ते का मला ठावं न्हाई? धा वर्सं झाली. भांडं पडलं तरी तुमी वळत न्हाई. मी कुनाला बोलले का कधी? चला, व्हा बाजूला."

"पुलाचं पन न्हाई."

तिला समजलं नाही. 

"दगडाचं. हातोडीचं. काय बी ऐकू आलं न्हाई मला. मी नुसतंच म्हनलो, पक्का हाय."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते तिथेच विसरल्यासारखं राहिलं, आणि डोळे मात्र बदलले. तिचे ओठ हलले. त्याला वाचता आले नाहीत. तिने परत म्हटलं, सावकाश.

"मला वाटलं, पुलाचं तेवढं येतंय. मला वाटलं, माजंच तेवढं येत न्हाई तुमाला."

तिने कळस खाली मुरुमावर ठेवला. तिला राग आला की आणखी काही, हे त्याला कळलं नाही, कारण ती लगेच मागे वळली होती आणि रांगेकडे तोंड करून बोलायला लागली होती. तिची पाठ त्याच्याकडे होती.  ती काय बोलली ते त्याला आयुष्यात कधी कळणार नव्हतं. त्याला दिसले ते नुसते चेहरे. आधी कडूबाईचा बदलला, मग मास्तरांचा, मग लेझीमच्या पोरांचे, आणि मग ते रांगेतून मागे मागे सरकत गेलं, एकेक तोंड फिरत, शेवटच्या माणसापर्यंत. पायाखालची धडधड थांबली. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मास्तरांनी खिशातून तो सहीचा कागद काढला, बघितला आणि घडी करून परत ठेवला. कडूबाई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पुलाकडे बघत होती आणि तिने दोन पावलं मागे घेतली. मग मास्तरांनी हात हलवला, आणि रांग पुलाच्या बाजूने, खडकांना धरून, ओढ्यात उतरायला लागली. म्हाताऱ्यांना पोरांनी हात दिले. पाणी घोट्याएवढंच होतं. सगळी कमानींपासून लांब राहून, लुगडी, धोतरं वर धरून पलीकडे निघाली, आणि वाट तिकडे परत सुरू झाली.

तो तिथेच उभा होता. पूल नुसता उभा होता. चांगला की वाईट, अजूनही कळत नव्हतं. एकाएकी ओढ्यातली सगळी डोकी एका बाजूला वळली, मोठ्या लाईनीकडे. एक पोरगं हात वर करून तिकडे दाखवत होतं. शिट्टी झाली असणार. अकराची पॅसेंजर निघाली असणार, माणसांनी भरून, बोरीच्या पुलाकडे. मिस्त्रीने गळ्यातला हार काढून कठड्यावर ठेवला आणि आल्या वाटेने चालायला लागला. थोड्या वेळाने कुणीतरी त्याचा दंड धरला. छबू होती. लुगडं मुरुमाने माखलं होतं.

"कुठं निघालात?" तिने ओठ मोठे करून विचारलं.

"स्टेशनात. साहेबाला सांगायचंय. अजून लई पूल हायेत."

तिला ते किती समजलं कोण जाणे. पेन्शनचं त्याने सांगितलं तेव्हा तिने मागे वळून ओढ्याकडे बघितलं, जिथे तिचा कळस आता कडूबाईच्या हातात होता. मग तिने पदर खोचला आणि त्याच्या बरोबर चालायला लागली. तिकडे साहेब काय काय विचारतील, ते ऐकायला कुणीतरी पाहिजे होतं.